बुडालेले जादा तास

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणीकामगारांनी मागणी केली की, कामात जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. तीत जादा तासांचा हिशेब नव्हता, असणार कसा? प्रौढ पुरुषाच्या कामाला कायद्याची हद्दच नव्हती! ती पुढे आली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाच्या नऊ तासांपुढील कामाला दुप्पट दर ठरविला. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार-अपघातांच्या दाव्यांसाठी न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तेथे पाय मोडलेल्या कामगाराने मूळ पगार दाखविणे सोपे. पण अपघात नसता तर जादा काम मिळालेच असते, हे मागल्या महिन्यांच्या हजेरीपटावरून पटवावे लागते. रोखीवर राबणाऱ्याजवळ तो पट नसतो. त्याच्या बाजूने बोलायला उरतो शेजारच्या यंत्रावरचा सोबती, तोही रजा मिळाली तर.