नाळ आणि कागद

कात्रजला लागूनच धनकवडी. आज ही दोन्ही गावं पुण्यात आणि एकमेकांतही मिसळून गेली आहेत. 1876-77 च्या दुष्काळात याच धनकवडीत सत्यशोधकांनी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालवला आणि जोतीराव फुल्यांनी त्याच्यासाठी मदतीचं आवाहन केलं. उपाशी मुलांना जेवू घालणं हे पुण्यकर्म, यावर आपलं एकमत असतं. पण परक्याचं मूल घरी ठेवून घेतल्यावर त्या घरात त्याचं नातं काय, हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो.

जुन्या पुण्याची एक रीत होती : वार लावणं. शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा सोमवारी एका घरी जेवे, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळून त्याला पोसत. मात्र तो तापाने फणफणला तर उशाशी कोणी बसायचं, हे ठरलेलं नसे. यजमानाची मर्जी फिरली की वार तुटे. इतर जातींच्या मुलांना तर हा आधारही नव्हता.

फुले दांपत्याने निराळी वाट धरली. 1863 मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. पुढे तिथे आलेल्या काशीबाई या विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा त्यांनी आपला मानला. तोच यशवंत. 1887 च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याची नाळ सावित्रीबाईंनी कापल्याचं नमूद केलं आणि त्याला वारस ठरवलं. अशा कागदाची गरज का होती, ते 1890 मध्ये दिसलं. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत यशवंतने टिटवं धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन पुढे चालल्या.

कात्रजच्या सोसायट्यांत आजही ‘शिकायला ठेवलेल्या’ मुली दिसतात. एखादी खरोखर लेकीसारखी वाढते. एखादीला धुणंभांडी उरकल्याशिवाय शाळा नसते. बाहेरून दोन्ही घरं सारखीच. 2015 च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालक कुटुंबासाठी बाल कल्याण समितीची परवानगी आणि दरमहा पाहणी सांगितली आहे. परस्पर ठरलेल्या सोयीत यांतलं काहीच नसतं. ‘आम्ही माया करतो, कागद कशाला?’ असं तिथे ऐकू येतं. जोतीरावांच्या घरीही मायेला तोटा नव्हता. तरी त्यांनी कागद केला.