‘लॉयल्टी’ बोटीचे काय झाले?

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. १९६४ पासूनची ही प्रथा. १९१९ साली याच तारखेला ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देत भारतीय मालकीची बोट विलायतेच्या वाटेला लागली, म्हणून हा दिवस. सागरी दिनाच्या भाषणांत या सफरीचा उल्लेख हमखास येतो. त्या बोटीचे पुढे काय झाले हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. चारच वर्षांनी, १९२३ मध्ये, ती मुंबईत भंगारात निघाली.

आजच्या व्याख्यानाचा विषय जुनी प्रवासी जहाजे आणि ती वाचवण्यासाठी झालेले प्रयत्न हा आहे. बडोदे काही समुद्रकाठी नाही. तरी ओखामंडळ बडोदे संस्थानात होते, आणि १९२६ मध्ये खुले झालेले ओखा बंदर गायकवाड सरकारनेच बांधले. शिवाय जगातील जुन्या जहाजांचा शेवट जेथे होतो ते अलंग खंबायतच्या आखातापलीकडे, आपल्याच राज्यात, भावनगर जिल्ह्यात आहे. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

आधी ‘लॉयल्टी’चीच हकीकत पाहू. ही बोट इंग्लंडमध्ये बॅरो येथे बांधली गेली आणि १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत आली. पूर्व आशियाहून जपानमार्गे कॅनडातील व्हँकुव्हर असा तिचा मार्ग होता. जुलै १८९३ मध्ये योकोहामाला तिच्यावर दोन हिंदी प्रवासी होते. एक स्वामी विवेकानंद, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघालेले; दुसरे जमशेटजी टाटा. त्याच्या आदल्या वर्षी विवेकानंद आपल्या बडोद्यातही येऊन गेले होते. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८९८ मध्ये, टाटांनी त्यांना जे पत्र लिहिले त्यात या सहप्रवासाची आठवण काढून नियोजित विज्ञान संशोधन संस्थेचा विषय मांडला. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही पुढची गोष्ट.

१९१४ च्या अखेरीस पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ही बोट विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून दिली. ‘लॉयल्टी’ हे नाव तेव्हाचे. युद्ध संपल्यावर ती विकायला निघाली आणि वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांनी ती घेतली. त्यांच्या साथीला किलाचंद देवचंद होते आणि मूळचे भावनगरचे लल्लूभाई सामळदास होते. कंपनीचे ‘सिंदिया’ हे नाव बोटीच्या पूर्वीच्या मालकावरून पडले. म्हणजे सोलापूरचा उद्योजक, भावनगरचा नागर गृहस्थ आणि ग्वाल्हेरचे मराठा संस्थान या सगळ्यांचा इतिहास एका बोटीत येऊन मिळाला होता.

मग ती कोणी जपली का नाही? १९२३ साली जपायला हवी असे कोणाला वाटले असण्याची शक्यता कमी. बोट तीस वर्षांची झाली होती, कोळसा खात होती, आणि कंपनी इंग्रजांशी चाललेल्या दरयुद्धात जीव मुठीत धरून उभी होती. त्या व्यवस्थापकांना दोष देता येणार नाही. पण जहाजाचे आणि वाड्याचे नशीब वेगळे का असते ते येथे कळते. वाडा ओस पडला तरी पन्नास वर्षे पडत-झडत उभा राहतो, आणि तेवढ्या अवधीत एखाद्याला त्याची किंमत कळू शकते. जहाज रिकामे उभे राहिले तरी रोज खर्च मागते. धक्क्याचे भाडे, पहारा, विमा, पाणी उपसणारे पंप हे सगळे चालूच राहते. आणि ज्या दिवशी ते चालेनासे होते, त्या दिवशी त्याचा भाव पोलादाच्या वजनावर ठरतो.

हा भाव जगात जेथे सर्वांत जास्त ठरतो त्या ठिकाणांपैकी एक अलंग. १३ फेब्रुवारी १९८३ रोजी येथे पहिले जहाज किनाऱ्याला लागले. खंबायतच्या आखातात उधाणाच्या भरतीला पाणी दहा मीटरच्या आसपास चढते आणि किनारा सपाट आहे. भरतीच्या वेळी जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालायचे. ओहोटीला ते कोरडे पडते आणि गॅसकटरवाले कामाला लागतात. पत्रे भावनगर-सिहोरच्या रोलिंग मिलांत जाऊन घरबांधणीच्या सळ्या होतात. खुर्च्या, कपाटे, काचसामान रस्त्याकडेच्या ‘खाडा’ दुकानांत येते.

याच किनाऱ्यावर १५ ऑगस्ट २००६ रोजी ‘ब्ल्यू लेडी’ आली. तिचे मूळ नाव ‘फ्रान्स’. १९६० मध्ये तिचे जलावतरण झाले आणि १९६२ मध्ये ती न्यूयॉर्कला पहिल्यांदा गेली. सुमारे ३१६ मीटर लांबीची ही बोट चार दशके जगातील सर्वांत लांब प्रवासी जहाज होती. सरकारी अनुदान बंद झाल्यावर १९७४ मध्ये ती थांबली, तेव्हा खलाशांनी बंड करून तिला ल हाव्र बंदराबाहेर रोखून धरले होते. पुढे नॉर्वेच्या मालकाने ती घेऊन ‘नॉर्वे’ या नावाने सफरींसाठी चालवली. २५ मे २००३ रोजी मायामी येथे बॉयलरचा स्फोट होऊन आठ कर्मचारी मृत्युमुखी पडले, आणि तिचे प्रवासी आयुष्य संपले.

तिच्यावरून आपल्या सर्वोच्च न्यायालयात जो वाद झाला तो नीट समजून घ्यावा. तेथे प्रश्न इतिहासाचा नव्हता. जहाजात शेकडो टन ॲस्बेस्टॉस आहे आणि ते तोडणाऱ्या मजुरांच्या व गावकऱ्यांच्या फुप्फुसांत जाईल, हा आक्षेप होता, आणि तो रास्त होता. ११ सप्टेंबर २००७ च्या निकालात न्यायालयाने तोडणीला परवानगी दिली. सातशे कामगारांना रोजगार आणि ४१,००० टन पोलाद मिळेल, हा हिशेब त्यात आहे. जहाज वाचवू पाहणारे युरोपात हळहळत होते, मजुरांचे कैवारी दिल्लीत भांडत होते, आणि या दोघांचे बोलणे एका ठिकाणी कधी आलेच नाही. जुने जहाज नीट जपायचे तर त्यातले विष आधी काढावे लागते, आणि नीट तोडायचे तरी तेच करावे लागते. दोघांची गरज एकच होती.

‘फ्रान्स’चे काही अवशेष मात्र परत गेले. नाळेचे टोक कापून ठेवले गेले, २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात विकले गेले, आणि आज ते ल हाव्र बंदरात उभे आहे.

जी जहाजे वाचली ती कशी वाचली? योकोहामाच्या ‘हिकावा मारू’चे उदाहरण ‘लॉयल्टी’शेजारी ठेवण्यासारखे आहे. १९३० ची ही बोट योकोहामा ते सिॲटल जाई. चार्ली चॅप्लिनने तिच्यावरून प्रवास केला. दुसऱ्या महायुद्धात ती रुग्णालय-जहाज झाली. १९६० मध्ये निवृत्त होताच पुढच्याच वर्षी तिला आपल्या बंदरात कायमचा धक्का मिळाला. ब्रिस्टलमध्ये बांधलेली ‘ग्रेट ब्रिटन’ १९३७ पासून फॉकलंड बेटांजवळ उथळ पाण्यात बुडवलेली होती; १९७० मध्ये तिला तरंगत्या तराफ्यावर चढवून ब्रिस्टलला, ज्या गोदीत ती बांधली त्याच गोदीत आणले. याउलट ‘युनायटेड स्टेट्स’ हे १९५२ चे अटलांटिकवरचे सर्वांत वेगवान प्रवासी जहाज. त्याची राखण करणारी संस्था होती, देणगीदार होते. पण धक्क्याच्या भाड्याचा वाद न्यायालयात गेला आणि जागा सोडावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते फिलाडेल्फियाहून ओढून नेले, फ्लोरिडाजवळ समुद्रतळी बुडवून कृत्रिम प्रवाळभिंत करण्यासाठी. प्रेम दोन्हीकडे होते. धक्का एकाकडेच होता.

आपल्याकडचे मोठे लढे झाले ते युद्धनौकांसाठी. १९७१ च्या युद्धातील ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून होती; २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर ती दारूखान्यात तुटली. ‘विराट’साठी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळ संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली होती. ती पुढे सरकली नाही. भंगार म्हणून ‘विराट’ ३८ कोटी ५४ लाखांना गेली. एप्रिल २०२१ मध्ये तिची याचिका निकालात निघाली, तेव्हा अलंगला तिचा सुमारे ४० टक्के भाग कापून झाला होता. न्यायालयात जाईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

युद्धनौकांसाठी निदान कोणी न्यायालयात तरी गेले. साध्या प्रवासी बोटींसाठी कोण जाणार? आपल्यापैकी ज्यांची मुळे रत्नागिरी-मालवणकडची आहेत, त्यांच्या घरातली बडोद्याला आलेली पहिली पिढी बहुधा पडावातून आगबोटीवर चढून मुंबईला आली आणि तेथून आगगाडीने येथे. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, वेंगुर्ले ही नावे त्यांना स्टेशनांसारखी पाठ होती. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाची आठवण कोकणात अजून निघते. पण ज्या बोटींनी तीन पिढ्यांना सुखरूप नेले-आणले, त्या एकेक करून निघून गेल्या, आणि ‘ही आमची बोट’ म्हणून मुलाबाळांना दाखवावी अशी त्यांतली एकही आपण राखली नाही.

प्रत्येक जहाज ठेवता येणार नाही, आणि अलंगच्या मजुराची रोजीरोटी बंद करून तर नाहीच. मागणी त्याहून लहान आणि होण्याजोगी आहे. ऐतिहासिक प्रवासी जहाज अलंगला येणार हे काही महिने आधी कळते. किनाऱ्याला लावण्यापूर्वी एखाद्या जाणकाराने त्यावर जावे. घंटा, नकाशे, नोंदवह्या, जमल्यास एखादी खोली काढून ठेवावी. ते ठेवायला जागाही होत आहे. लोथल येथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभे राहत आहे, आणि ते अलंगपासून फार लांब नाही. आपल्या साहित्यसंस्थांनी तेवढे पत्र तरी योग्य ठिकाणी लिहावे.

आणि एक काम घरातले. ट्रंकेच्या तळाशी बोटीचे तिकीट, आजोबांचे पत्र, धक्क्यावरचा एखादा फोटो असेल, तर मागे बोटीचे नाव आणि साल लिहून ठेवा. आजीला बोट कशी लागायची, पडावातून वर कसे चढत, सामान कोण उचलत असे, हे विचारून टिपून घ्या. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’वरच्या त्या भेटीची साक्ष आज देते ते टाटांचे पत्र. ते कोणीतरी जपले म्हणून.