दुसऱ्या सिंफनीचा दुसरा जन्म

२४ मे १९११ ची ती संध्याकाळ. लंडनच्या क्वीन्स हॉल या प्रख्यात सभागृहात सर एडवर्ड एल्गार यांची दुसरी सिंफनी प्रथमच वाजविली जात होती. वाद्यवृंदाचे संचालन स्वतः एल्गारच करीत होते. अखेरचा स्वर हळूहळू विरला. टाळ्या झाल्या, परंतु त्या शिष्टाचारापुरत्याच. कित्येक खुर्च्या तर आरंभापासूनच रिकाम्या होत्या. या श्रोत्यांना आज झाले आहे तरी काय, असे एल्गार यांनी व्यथित होऊन वादकांपैकी एका स्नेह्याला विचारले, अशी हकीकत नमूद आहे.

ही व्यथा स्वाभाविक होती. वूस्टर गावातील वाद्यांच्या एका दुकानदाराचा हा मुलगा बहुतांशी स्वतःच्या बळावर शिकून थोर झाला होता. १९०८ साली मँचेस्टर येथे सादर झालेल्या त्याच्या पहिल्या सिंफनीचे वर्षभरात शंभराच्या आसपास प्रयोग झाले होते. त्या यशानंतरची ही उदासीनता त्याच्या जिव्हारी लागली.

मग उणे पडले कोठे? ही कृती १९१० साली निवर्तलेल्या सातव्या एडवर्ड राजाच्या स्मृतीस अर्पण केलेली होती. ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’च्या कूचगीतांनी घरोघरी पोहोचलेल्या रचनाकाराकडून श्रोत्यांना राजवैभवाचा जयघोष हवा होता. प्रत्यक्षात त्यांच्या कानी पडली ती दुसऱ्या भागातील शोकयात्रा आणि तिसऱ्या भागात पडघमांच्या प्रहारांखाली सारे सूर बुडवून टाकणारा भयाण कल्लोळ. शेवट तर मावळतीच्या उन्हासारखा शांत! टाळी कोठे द्यावी, हेच श्रोत्यांना उमगले नाही.

पुढे महायुद्ध आले. ज्या एडवर्डकालीन जगाचा निरोप या संगीताने आधीच घेतला होता, ते जग चार वर्षांत खरोखरीच लयास गेले. १६ मार्च १९२० रोजी त्याच क्वीन्स हॉलमध्ये एड्रियन बोल्ट या तीस वर्षांच्या संचालकाने ही सिंफनी पुन्हा सादर केली. या वेळी सभागृहाने तिला मनापासून दाद दिली. संगीत तेच होते. पण ऐकणाऱ्यांच्या पदरी आता स्वतःचे दुःख जमा झालेले होते. आपली भावी कीर्ती बोल्ट यांच्या हाती सुरक्षित आहे, अशा आशयाचे पत्र एल्गार यांनी त्यांना धाडले. पतीच्या प्रतिभेवर आयुष्यभर श्रद्धा ठेवणाऱ्या लेडी एल्गार यांनी हे यश पाहिले आणि अवघ्या तीन आठवड्यांनी, ७ एप्रिल रोजी, त्यांनी डोळे मिटले.

१९२७ साली एल्गार यांनी आपल्याच संचालनाखाली ही सिंफनी विद्युत्‌ध्वनिमुद्रणाने तबकड्यांवर उतरविली. दर चार-पाच मिनिटांनी तबकडी उलटावी लागे. तथापि तोच भाग पुनःपुन्हा ऐकण्याची सोय रसिकाला घरबसल्या लाभली, आणि या रचनेला तीच सोय हवी होती. विलंबित ख्याल जसा पहिल्या दोन आवर्तनांत हाती लागत नाही, तसेच हिचेही आहे. प्रारंभी उसळी घेणारी जी लहानशी स्वराकृती आहे, तीच अखेरीस संथपणे, जणू आठवणीतून, परत येते. आरंभ ज्याच्या मनात मुरलेला नाही, त्याला हे परतणे ऐकूच येत नाही. म्हणून हिचा शेवट समजण्यासाठी पुन्हा आरंभाकडे जावे लागते.

१९४१ च्या बाँबहल्ल्यात क्वीन्स हॉल भस्मसात झाले. बोल्ट यांनी मात्र १९४४ ते १९७६ या काळात ही सिंफनी पाच वेळा ध्वनिमुद्रित केली. तोपर्यंत त्यांनी वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली होती. पहिल्या रात्री रिकाम्या राहिलेल्या त्या खुर्च्या अशा रीतीने हळूहळू भरत गेल्या. मात्र त्यांवर येऊन बसणारे श्रोते पुढच्या पिढ्यांचे होते.