रिळापासून पडद्यापर्यंत

चुरशीच्या ऐन प्रसंगीं एकाचा हात चपळ होतो आणि दुसऱ्याचा डळमळतो, असें कां व्हावें? या प्रश्नाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ शोधूं गेल्यास तो एका लहानशा रिळापाशीं सांपडतो. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत नॉर्मन ट्रिपलेट यांनीं ४० मुलांस मासे धरण्याच्या गळाचें रीळ कधीं एकट्यानें, तर कधीं दुसऱ्याशीं चढाओढीनें फिरवावयास लाविलें. १८९८ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: चढाओढीनें २० मुलांचा वेग वाढला, १० मुलांवर विशेष परिणाम झाला नाहीं, आणि उरलेलीं १० मुलें उलट मागें पडलीं.

पुढें १९२५ सालीं कोलमन ग्रिफिथ यांनीं इलिनॉय विद्यापीठांत क्रीडापटूंच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा उघडली आणि क्रीडामानसशास्त्रानें मैदानाची वाट धरिली. १९७२ सालीं स्टॅनफर्ड येथें 'स्पेसवॉर' या संगणकीय खेळाची स्पर्धा झाली. परंतु व्हिडिओ गेम खेळणाऱ्याकडे पंडितांची दृष्टि गेली ती बहुधा हिंसा आणि व्यसन यांच्या चिंतेनें. ही चिंता निराधार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं या खेळांच्या अनावर नादास विकारांच्या यादींत स्थान दिलें.

तथापि, रोगी आणि खेळाडू हे एकच नव्हेत. डेन्मार्कचा अॅस्ट्रॅलिस संघ 'काउंटर-स्ट्राइक' या खेळांत निष्णात असूनहि मोठ्या सामन्यांत कच खात असे. २०१६ सालीं त्यानें फिनलंडच्या क्रीडामानसशास्त्रज्ञ मिया स्टेलबर्ग यांचें साहाय्य घेतलें. जानेवारी २०१७ मध्यें अटलांटा येथील मानाची स्पर्धा त्यानें जिंकली. एका उदाहरणावरून सिद्धांत उभारणें हें धाडसाचें होईल. परंतु २०२० सालीं ३१६ स्पर्धक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध झाली, तींतहि असें दिसलें कीं, ज्यांचें मन अधिक खंबीर, ते अडचण टाळण्यापेक्षां तिला सामोरे जाण्याकडे अधिक वळतात. मैदानी खेळाडूंविषयींचा अनुभवहि असाच आहे.

हा खरा खेळ कीं नव्हे, हा वाद चालूं द्यावा. रीळ फिरविण्यास तरी कोणी खेळ म्हटलें असतें? पडद्यापुढें हरून हिरमुसलेल्या मुलास आपण एकतर रागें भरतों किंवा हंसण्यावारी नेतों. त्याच्या हातांतील वस्तु नवी असेल. मनांतील कंप मात्र त्या मागें पडलेल्या १० मुलांचाच आहे. तो समजून घेणें हेंच या शास्त्राचें पहिलें काम होतें, आणि आजहि तेंच आहे.