नकलेचे मोल : ठासणीच्या एकबारी बंदुकांची पारख



'नकली' हा शब्द आपण तिरस्काराने उच्चारतो. नकली दागिना, नकली नोट, नकली औषध! पण ज्याने कारखान्यात लेथवर उभे राहून दिवस काढले आहेत त्याला हे ठाऊक असते, की तेथे जे जे बनते ते नमुन्यावरूनच बनते. नमुना एक, त्यावरून नग हजार. तेव्हा एखादी वस्तू नक्कल आहे एवढे म्हटल्याने तिची किंमत ठरत नाही. नक्कल करताना मूळचे काय उचलले, काय सोडले, आणि ते सोडणे कोणाच्या सोयीचे होते, हे विचारले म्हणजे किंमत ठरू लागते. काळ्या दारूवर चालणाऱ्या एकबारी बंदुकांना हाच प्रश्न विचारावा, असा आजचा बेत आहे.

स्वारगेटच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. येथून पूर्वेस वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे. उत्तरेस शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तेथे दिव्या-अडकित्त्यांबरोबर जुनी शस्त्रेही मांडली आहेत. आणि नदीपलीकडे खडकीला 1869 सालापासूनचा दारूगोळ्याचा कारखाना आहे. शस्त्र वापरणारा, शस्त्र जपणारा आणि शस्त्र घडविणारा असे तिघेही एका शहरात भेटतात. त्यांतल्या तिसऱ्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले, म्हणून मी त्याच्या बाजूने बोलणार आहे.

आधी थोडी ओळख. काळी दारू म्हणजे सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. ही दारू नळीच्या तोंडातून घालायची, वर गोळी घालून गजाने ठासायची, म्हणून ती ठासणीची बंदूक. पेटविण्याच्या तऱ्हेवरून तिचे प्रकार झाले : जळत्या वातीची ती तोड्याची, गारेच्या ठिणगीची ती चकमकीची, आणि घोडा आपटून फुटणाऱ्या तांब्याच्या टोपीची ती टोपीची. नळीचे पोट गुळगुळीत असले तर गोळी शंभर यार्डांपलीकडे भरवशाने लागत नाही. पोटात मळसूत्री आटे पाडले म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम दूरवर टिकतो, तीच रायफल.

आता महादजींकडे वळू. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी चकमकीच्या बंदुका चालविल्या होत्या, आणि त्या संग्रामातून जखमी होऊन वाचलेल्या महादजींनी तो धडा मनात ठेवला. 1784 साली त्यांनी द बॉइन ह्या फ्रेंच भाषिक सेनानीला नोकरीस घेतले, कवायती पलटणी उभारल्या, आणि आग्र्यास शस्त्रांचा कारखाना घातला. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस त्याचा प्रमुख होता. विलायती बंदुकीच्या तोडीची बंदूक तेथे दहा रुपयांत पडत असे, अशी नोंद खुद्द इंग्रज ग्रंथकाराने केलेली आहे. ही नोंद करताना त्याने सँगस्टरचे नाव दिले. नळी ज्याने ऐरणीवर जोडली, कमानीला पाणी ज्याने दिले, दस्ता ज्याने तासला, त्या आग्र्याच्या लोहार-सुतारांपैकी एकाचेही नाव दिले नाही. दहा रुपयांत त्यांच्या वाट्याला काय आले, हेही कोठे लिहिलेले नाही. 1803 साली शिंद्यांचा पराभव झाला तो बंदूक नकली होती म्हणून झाला नाही. लढाईच्या तोंडावर त्यांच्या नोकरीतले कित्येक इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यावरून निघून गेले, आणि पेरॉनसारखा सेनापती इंग्रजांच्या आश्रयास गेला. हत्यार टिकले, ते चालविणारी व्यवस्था टिकली नाही.

ह्यानंतरचा टप्पा 1853 च्या एन्फील्ड रायफलीचा. नळी 39 इंचांची, पोट 0.577 इंचाचे, आटे तीन. पूर्वी विलायतेतही बंदुका हातांनी जुळवीत. एकीचा स्क्रू दुसरीला लागत नसे. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात अमेरिकेच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स ह्या कंपनीने सहा रायफली मांडल्या होत्या. त्यांचे सुटे भाग आपसात बदलता येत. ते पाहून इंग्रज सरकारने अमेरिकेतून यंत्रे आणविली आणि एन्फील्डचा कारखाना नव्याने उभा केला. आज संग्राहक ह्याच गोष्टीला पैसे मोजतात. लंडन आर्मरी कंपनीची यंत्रावर बनलेली, सुटे भाग बदलता येणारी एन्फील्ड आणि बर्मिंगहॅमची हाताने जुळविलेली एन्फील्ड ह्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. पहिलीला भाव अधिक मिळतो.

ह्याच रायफलीच्या काडतुसावरून 1857 साली काय घडले ते आपणांस ठाऊक आहे. पुढचे मात्र शाळेच्या पुस्तकांत येत नाही. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी 1858 चा वेगळा नमुना काढला गेला. बाहेरून पाहावी तर तीच एन्फील्ड : तोच दस्ता, तोच घोडा, तेच पितळी सामान. पण नळीतले आटे नाहीसे केलेले, पोट 0.656 इंचापर्यंत रुंदावलेले, आणि दूरचा नेम धरण्याची सरकती माशी काढून जागी साधा ठोकळा बसविलेला. पोट रुंदावल्याने नळीची भिंत पातळ झाली, म्हणून पुढे 1859 चा जाड नळीचा नमुना करावा लागला. इतकी खटपट कशासाठी? गोऱ्या शिपायाची गोळी काळ्या शिपायाच्या गोळीपेक्षा दूर जावी एवढ्याचसाठी. एक साचा, एक कवायत, एक रणांगण, आणि नळ्या दोन! पुढे गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींच्या हाती स्नायडर राहिली, आणि गोऱ्यांना नवी रायफल आल्यावर मार्टिनी इकडे उतरली. म्हणून पारख करणाराने पहिला नियम लक्षात ठेवावा : बंदूक बाहेरून ओळखू नये, नळीत डोकावून ओळखावी.

मार्टिनी ही 1871 ची, मागून काडतूस भरायची. तिच्या नकला आपल्या दोन्ही शेजारांत झाल्या. वायव्य सरहद्दीवरच्या पठाण कारागिरांनी ती हातोडी आणि कानशीच्या बळावर घडविली. घडण कौतुकाची, पण छाप फसवा. राणी व्हिक्टोरियाची मुद्रा, आणि खाली तिच्या मृत्यूनंतरचे साल! अक्षरेही कधी उलटी कोरलेली असत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. नेपाळात गहेंद्र शमशेर ह्या राणा सेनापतीने त्याच घराण्यातली, पण यंत्रणेत फरक असलेली रायफल देशी कारागिरांकडून हातांनी घडविली आणि ती स्वतःच्याच नावाने चालविली. 2003 साली काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातल्या पन्नास हजारांहून अधिक बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत नेल्या. त्यांत ह्या गहेंद्र रायफलीही होत्या. आज त्या 'नेपाळी गहेंद्र' म्हणूनच मागितल्या जातात. मात्र प्रत्येक नग हातचा, मापे थोडी थोडी निराळी आणि लोखंडाचा भरवसा नाही. म्हणून त्या भिंतीवर शोभतात, उडवू नयेत असे जाणकार बजावतात.

आपल्याकडे काय झाले? 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे, करणे व विकणे बंद झाले. नागरिकाच्या हातची बंदूक गेली एवढेच आपण सांगतो. तिच्याबरोबर गावच्या लोहाराचे एक कसबही गेले. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. त्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद राहिली, आणि कोकणात रानडुकरे व माकडे ह्यांनी गांजलेला शेतकरी आजही त्या परवान्यावर ती बाळगतो.

आधुनिक नकलांचा व्यापार मात्र परदेशात वाढला. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी 1961 ते 1965 ह्या काळात साजरी झाली, आणि जुन्या लढायांचे देखावे करणाऱ्यांना बंदुका हव्या झाल्या. इटलीत गार्दोनेच्या खोऱ्यात पेडेरसोली (1957) आणि उबेर्ती (1959) हे कारखाने उभे राहिले होतेच. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने मूळ एन्फील्डच्या तपासणी-मापकांचा आधार घेऊन प्रती केल्या. मूळ आट्यांचा एक वेढा 78 इंचांत पुरा होतो, आणि खोली तोंडाकडे कमी होत जाते. पार्कर-हेलने दोन्ही राखले. अनेक इटालियन प्रतींत वेढा 48 इंचांचा आणि खोली सर्वत्र एकच. म्हणून जुनी बर्मिंगहॅमची प्रत बाजारात नव्या इटालियन प्रतीहून अधिक भाव खाते.

आणि हिंदुस्थानात बनलेल्या प्रती? त्याही परदेशी जातात आणि सर्वांत स्वस्त विकल्या जातात. पोट गुळगुळीत, लाकूड अक्रोडाऐवजी बहुधा देशी, दस्ता मूळाहून जाड. आणि बंदूक म्हणून अडू नये यासाठी रंजकाचे छिद्र न पाडताच पुष्कळदा पाठविलेल्या. 1858 साली आपल्या शिपायाला आट्यांवाचून नळी दिली होती. आज आपला कारागीर तशीच नळी करून निर्यात करतो.

ह्या स्वस्त मालाची तुलना कशी करावी? मी पाच गोष्टी पाहीन. पहिली, नळीची परीक्षा झाली आहे काय. इटलीत आणि इंग्लंडात ठरल्याहून अधिक दारू भरून बार काढतात, नळी टिकली तरच शिक्का मारतात; बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 पासून हे काम करीत आले आहे. शिक्का नसलेली नळी कितीही देखणी असो, तिची किंमत शोभेची. दुसरी, घोड्याच्या कमानी, आणि चकमकीच्या बंदुकीत गार जिच्यावर आदळते ती पोलादी पट्टी : तिला पाणी नीट दिले नसेल तर ठिणगी पडत नाही. तिसरी, आट्यांची संख्या, वेढा आणि खोली. चौथी, मूळ बंदुकीचा एखादा भाग हिला बसतो काय. पाचवी, लाकूड आणि त्याची बैठक. कंपनीचे नाव मी ह्यानंतर वाचीन. बाजार पुष्कळदा ते आधी वाचतो, आणि म्हणून फसतो.

कायदाही किंमत हलवितो. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यात ठासणीच्या बंदुकीची प्रत साध्या बंदुकीसारखी धरलेली नाही. इंग्लंडात जुनी मूळ बंदूक शोभेसाठी मोकळी ठेवता येते, पण उडणाऱ्या नव्या प्रतीला परवाना लागतो. आपल्याकडे जुनाट शस्त्र दुरुस्तीनेही उडण्याजोगे नसेल तरच सूट. उडणाऱ्या प्रतीला परवान्यावाचून गती नाही. एकच वस्तू, तीन देशांत तीन भाव.

शेवटी मुद्द्याचे सांगतो. आपली प्रत स्वस्त का, ह्याचे उत्तर लोक कारागिराच्या हातात शोधतात आणि 'देशी माल तो असाच' म्हणून मोकळे होतात. आग्र्याच्या हातांनी विलायतेची बरोबरी दहा रुपयांत केली होती, हे विसरले जाते. हातात खोट नाही. चांगले पोलाद, नेमकी मापके, परीक्षेचा शिक्का आणि कामाची पुरी मजुरी ह्या चार गोष्टी कारागीर घरून आणीत नसतो; त्या मालकाने आणि सरकारने पुरवायच्या असतात. त्या न पुरविता कमी पैशात माल काढायचा, आणि मग माल कमी प्रतीचा म्हणून मजुरीही कमी द्यायची, हा हिशेब मी कामगार चळवळीत पुष्कळ वेळा पाहिला आहे. पुढे कधी एखाद्या संग्रहालयात किंवा व्यापाऱ्याच्या यादीत अशी बंदूक दिसली, तर तिच्यावरचा छाप जरूर वाचा. पण नळी कोणी घासली आणि त्याला काय मिळाले, हेही विचारा. तो आकडा कळल्याखेरीज तिचे मोल पुरते कळले असे मी म्हणणार नाही.