मिठावरील कर

ज्याच्यावांचून रावाचें जेवण होत नाहीं आणि रंकाचेंहि होत नाहीं, असा जिन्नस म्हणजे मीठ. ज्या वस्तूची गरज सर्वांस सारखी, तिच्यावरील कर सर्वांकडून सारखाच वसूल होतो. परंतु तो सर्वांस सारखाच जड वाटतो काय? आणि तो किती असावा, हें कोणी ठरवावयाचें? या दोन प्रश्नांचीं उत्तरें हिंदुस्थानांतील मिठाच्या कराच्या इतिहासांत सांपडतात.

ब्रिटिश अमदानींत परवान्यावांचून मीठ तयार करणें हा गुन्हा होता. १८८८ सालीं कराचा दर मणास अडीच रुपये झाला. चाळीस शेरांच्या मणास चाळीस आणे, म्हणजे शेरास एक आणा. हा आणा सावकार देई आणि मजूरहि देई. सावकारास त्याची आठवणहि राहत नसे. मजुरास मात्र तेवढ्यापुरता दुसऱ्या कशाला तरी हात आंखडावा लागे. वस्तूच्या किमतींत मिसळून घेतल्या जाणाऱ्या अशा करास अप्रत्यक्ष कर म्हणतात. तो घेणारा दिसत नाहीं, आणि आपण कर दिला हें देणाऱ्याच्याहि ध्यानांत येत नाहीं.

तें ध्यानांत आणून देण्याचें काम गोपाळ कृष्ण गोखले यांनीं केलें. १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलतांना त्यांनीं विचारणा केली कीं, दुष्काळानें गांजलेल्या देशांत सरकारी तिजोरींत शिल्लक पडते, तर रयतेवरील भार हलका कां होऊं नये? पुढें १९०३ सालीं दर दोन रुपये, १९०५ सालीं दीड व १९०७ सालीं एक रुपया झाला. मीठ स्वस्त होतांच खप वाढला. त्यामुळें दर जितका उतरला तितकें सरकारचें उत्पन्न उतरलें नाहीं. गरीब मनुष्य मीठ कमी खातो तें आवडीनें नव्हे, हें त्यावरून सिद्ध झालें.

पण युक्तिवाद म्हणजे अधिकार नव्हे. १९१६ सालीं सव्वा रुपयावर गेलेला दर १९२३ सालीं पुन्हां अडीच रुपये करण्याचें सरकारनें ठरविलें. मध्यवर्ती विधिमंडळानें वाढ नामंजूर केली, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं ती आपल्या खास अधिकारांत अंमलांत आणली. एका वर्षांत ती मागें घ्यावी लागली खरी. परंतु लोकप्रतिनिधींचा नकार किती दुबळा आहे, हें सर्वांस दिसून आलें. ६ एप्रिल १९३० रोजीं दांडीस गांधीजींनीं मूठभर मीठ उचललें, आणि मे महिन्यांत कोंकणांत शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही लोटले, त्याचें मर्म येथें आहे. प्रश्न केवळ आण्याचा नव्हता, संमतीचा होता.

१ एप्रिल १९४७ पासून हा कर उठला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदानें कायद्याच्या आधारावांचून कोणताहि कर बसवितां येत नाहीं, आणि तो कायदा करणारे प्रतिनिधि मतदार निवडतात. तथापि अप्रत्यक्ष कर नाहींसा झालेला नाहीं. दुकानांतून साबणाची वडी आणणाऱ्या गृहिणीनें पावतीवर एकवार नजर टाकावी. तेथील लहानसा आंकडा कोणी ठरविला व कोणास जड जातो, असें विचारणें हें नागरिकत्वाचें पहिलें कर्तव्य होय.