उपदेशाविना समुपदेशन

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' दडलेला आहे. त्यामुळे समुपदेशकाकडे जायचे म्हणजे चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकून यायचे, असा समज आपल्या घराघरांतून आढळतो. प्रौढ व्यक्तीला एकान्तात भेटून करावयाच्या समुपदेशनाला आज जे रूप आले आहे, त्याचा पाया मात्र उपदेश बाजूला ठेवून घातला गेला. तो घालणाऱ्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स अग्रणी होते. त्यांचा प्रवास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळील ओक पार्क येथे, कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. धर्मसेवेच्या ओढीने १९२४ साली ते न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. परंतु दोन वर्षांनी तेथून बाहेर पडून त्यांनी शेजारच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राची वाट धरली. १९२८ पासून बारा वर्षे रॉचेस्टर शहरात अडचणीत सापडलेली मुले व त्यांचे पालक यांच्यात त्यांनी काम केले.

तेथील एक प्रसंग त्यांनी 'ऑन बिकमिंग अ पर्सन' (१९६१) या ग्रंथात नमूद केला आहे. एका दांडगट मुलाची आई त्यांना भेटत असे. तिने मुलाला मनातून दूर लोटले आहे, हे रॉजर्सना दिसत होते. ते तिच्या गळी उतरविण्याचा त्यांनी अनेक बैठकींत प्रयत्न केला, पण व्यर्थ. अखेर दोघांनीही थांबायचे ठरविले. निरोप घेऊन दारापर्यंत गेलेली ती माता वळली आणि तिने विचारले की, येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते काय? होकार मिळताच ती पुन्हा येऊन बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराचे दुःख बोलू लागली. रॉजर्स ऐकत राहिले. खरा उपचार तेथून सुरू झाला आणि तो सफलही झाला. कोठे दुखते आहे हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा धडा त्यांनी यातून घेतला.

११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठातील व्याख्यानात त्यांनी उपदेश करण्याच्या रूढ पद्धतीवर उघड टीका केली. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी एका तरुणाच्या आठही भेटींतील संभाषण तबकडीवर ध्वनिमुद्रित करून शब्दशः छापले. बंद दारामागचे हे काम प्रथमच असे सर्वांच्या परीक्षेसाठी खुले झाले. येणाऱ्याला 'रुग्ण' म्हणणेही त्यांनी सोडले. वकिलाकडे जाणारा तो जसा अशील, तसा हाही अशील; निर्णय त्याचाच.

पुढे या पद्धतीची थट्टाही झाली. समोरच्याचे वाक्य पोपटासारखे परत म्हणायचे, एवढेच यात आहे, असे म्हटले गेले. १९५७ साली रॉजर्स यांनी समुपदेशकाच्या वृत्तीवर भर देणारा लेख लिहिला. आतबाहेर एकच असणे, समोरच्याचा विनाअट स्वीकार करणे आणि त्याच्या जागी उभे राहून त्याचे जग समजून घेणे, या तीन गोष्टींना त्यात मध्यवर्ती स्थान होते.

या मार्गाच्या मर्यादाही इतिहासाने दाखविल्या. विस्कॉन्सिन येथे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर केलेल्या व १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार मिळालेला गट एकंदरीत इतरांच्या फारसा पुढे गेला नाही. गंभीर मानसिक आजारात डॉक्टर व औषधे यांना पर्याय नाही, हे आपल्या कुटुंबांनी विसरू नये.

४ फेब्रुवारी १९८७ रोजी रॉजर्स निवर्तले. त्यांनी मांडलेल्या तीन गोष्टी पुढे इतर अनेक पद्धतींच्या समुपदेशकांनीही आपल्याशा केल्या. आपल्या घरांत वैधव्याने खचलेली भगिनी असते, नोकरी गमावलेला चाळिशीतला भाऊ असतो. त्यांच्यापाशी बसताना आपल्या जिभेवर उपदेश तयारच असतो. तो क्षणभर आवरला, तर दारापर्यंत गेलेले माणूस कदाचित मागे वळेल आणि मनातले बोलू लागेल.